नवीन मशीन, जुन्या विटा

आमच्या दुकानात दोन गोष्टी रोज झाडूनही संपत नाहीत: धूळ आणि किस्से. धूळ निदान फडक्यानं पुसता येते. किस्से साठत जातात, आणि मित्र भेटले की "अरे, तो गंगाजलाचा सांग ना" म्हणून मागे लागतात. मी सांगतो. ते पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. मला अजून राग येतो! तोंडावर रागवायचं धैर्य माझ्यात नाही, चारचौघांत माझा आवाजच फुटत नाही. म्हणून लिहून काढतोय.

दुकान बनारसला, दुर्गाघाटच्या गलीत. नानांच्या घराचा खालचा मजला. नाना सकाळी घाटावर उपाध्येपण करतात, महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची श्राद्धं-तर्पणं सांगतात, आणि जेवण झालं की कॉम्प्युटर सेंटरचे संचालक होतात. सकाळी तिथं क्लास, दुपारनंतर गेम. चार मशिनं, एक पंखा, आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेला, मशिनं बघणाऱ्या सिन्हा इंजिनियरांचा डिप्लोमा. गलीत सांड बसला असला की सिन्हाजींना यायला उशीर होतो. डिप्लोमा मात्र कायम हजर!

मी नववीनंतर शाळा सोडली. त्यामुळे नानांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "मुकुंदा, पुसायचं, झाकायचं, फ्लॉपी फॉरमॅट करायच्या. मशीनच्या आत हात घालायला सर्टिफिकेट लागतं."

मी मान हलवली. पुसता पुसता मी सगळी मॅन्युअलं वाचली. इंग्रजी मला बोलता येत नाही, पण वाचता येतं. हळू वाचतो, म्हणून सगळं वाचतो.

*

नवीन विंडोज आली तो दिवस. नानांनी मुहूर्त काढला होता. चारही मशिनांना हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला, सिन्हाजींनी सीडी आत सरकवली, आणि नानांनी तांब्यातलं गंगाजल दर्भानं शिंपडलं. मॉनिटरवर शिंपडलं, सिन्हाजींवर शिंपडलं, आणि भक्ती जरा जास्तच दाटून आल्यामुळे कीबोर्डांवर तर जवळजवळ अभिषेकच केला.

दोन कीबोर्ड जागेवर गेले. मी धीर करून म्हणालो, "नाना, पाण्यानं बिघडलेत."

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी घाटावर चप्पल घालून उभा राहिलोय.

"गंगाजलानं जे बिघडतं," नाना म्हणाले, "ते यंत्रच मुळात अशुद्ध!"

*

नवीन विंडोज टाकल्यावर जुने डॉसचे गेम रुसले. लढाईचा एक गेम होता, पोरं त्याच्यासाठी रांग लावायची. तो आता सुरूच होईना. पडद्यावर यायचं, मेमरी पुरत नाही.

सिन्हाजी म्हणाले, "रैम कम है." रॅम वाढवली. गेम म्हणाला, मेमरी पुरत नाही. सिन्हाजी म्हणाले, "और कम है." आणखी वाढवली. गेम म्हणाला, पुरत नाही!

अहो, जुना गेम म्हणजे जुन्या वळणाचा पाहुणा. त्याला बसायला ओसरीच हवी. मागे दहा खोल्या रिकाम्या असल्या तरी तो आत पाऊल टाकत नाही. आणि ओसरीवर आधीच सीडीचा ड्रायव्हर, माउसचा ड्रायव्हर, सगळे पाय पसरून बसलेले. सिन्हाजी मागे नुसत्या खोल्या बांधत सुटले होते!

सिन्हाजी पान खायला गेले तेवढ्यात मी माझी फ्लॉपी लावली. तिच्यात मी चारपाच ओळी लिहून ठेवल्या होत्या: ड्रायव्हर मागच्या खोलीत पाठवायचे, ओसरी मोकळी ठेवायची. मशीन त्या फ्लॉपीवरून सुरू केलं. गेम आला, तोफा धडाडायला लागल्या.

सिन्हाजी तोंडात पान घेऊन आत आले. पडदा बघितला. नानांकडे वळून म्हणाले, "देखा पंडितजी? हमने कहा था ना, रैम डालने से होगा!"

मी फ्लॉपी काढून डब्यात ठेवली. तिच्यावर लेबल लावलं. लेबलावर आधी वर मधोमध 'श्री' लिहिलं आणि मग खाली गेमचं नाव. आमच्याकडे कोऱ्या कागदावर पहिलं अक्षर श्रीच पडतं. किराण्याच्या यादीवरसुद्धा! ही सवय पुढे महागात पडली. ते सांगतोच.

*

तो गेम चालला, पण मुका. आवाज नाही. जुन्या गेमला आधी सांगावं लागतं की आवाजाचं कार्ड कितव्या लाइनीवर आहे. पाच की सात? सिन्हाजींनी कार्ड काढलं, फुंकर मारली, बसवलं, पुन्हा काढलं. दोन तास.

नाना वैतागून म्हणाले, "पाच घाला हो. पंचायतन, पंचामृत, पंचांग. आपल्याकडे पाच!"

सिन्हाजींनी पाच घातलं. तोफा धडाडल्या!

त्या दिवसापासून नाना प्रत्येक बिघाडावर 'पाच' सांगायला लागले. प्रिंटर अडकला, पाच. मॉनिटर थरथरला, पाच. चौथ्या मशिनाचं कार्ड खरंच सातवर होतं, ते पाचनं बोलेना. मी हळूच म्हणालो, "नाना, याचं सात आहे."

"मग याच्या पत्रिकेतच दोष आहे," नाना म्हणाले, आणि मशिनावर लिंबू-मिरची टांगली.

*

मग आली खरी कटकट. वेग. जुने कितीतरी गेम घड्याळ बघत नाहीत, मशीनच्या ठोक्यावर पळतात. मशीन चौपट जलद झालं की गेमही चौपट जलद. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. आमच्या नव्या पेंटियमवर गाडी सुरू व्हायच्या आत भिंतीवर आपटायची. पोरांची बोटं कीबोर्डवर पोचेपर्यंत खेळ खलास.

एक बनारसी पोरगा दोन मिनिटं ते बघत राहिला आणि म्हणाला, "का गुरू, गड़िया के पीछे साँड़ पड़ल हौ का?"

सगळे हसले. सिन्हाजीसुद्धा हसले. "नया मशीन है, फास्ट तो होगा ही," म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. याच वाक्यानं माझं रक्त तापतं.

*

कारण हेच वाक्य ते दातार सरांना म्हणाले.

दातार सर गणिताचे. शाळेत मला तेच शिकवायचे आणि नववीत मला त्यांनीच नापास केलं. रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजव्या हाताची बोटं मात्र मिटेनात. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला, दिवसभर दाबा म्हणून. सरांनी तो खिडकीतून खाली टाकला. म्हणाले, "असा चेंडू कुत्र्याला देतात."

पण त्यांच्या घरी एक जुनं मशीन होतं आणि त्यात विटांचा खेळ. वर विटांची भिंत, खाली एक पट्टी, मध्ये टप्पे खाणारा चेंडू. पट्टी सरकवायची, चेंडू परतवायचा, विटा फोडायच्या. दोनच बटणं. सर ती उजव्याच हातानं दाबायचे. त्या मशीनला पुढे टर्बोचं बटण होतं, ते बाहेर काढलं की मशीन हळू चालायचं. सरांची बोटं आणि तो चेंडू, दोघांचं जमलं होतं. आधी एक बोट हललं, मग दुसरं.

आणि सरांना हात हवा होता तो एकाच कामासाठी. पितृपक्षात तर्पण करायचं होतं. सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन वर्ष झालं होतं. तर्पण उजव्या हातानं, तळव्यात पाणी आणि तीळ घेऊन, अंगठ्याच्या बाजूनं सोडायचं. बोटं मिटली नाहीत तर पाणी राहतच नाही, आधीच गळून जातं. मुलाकडून करवून घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. सर म्हणाले, "संसार मी केला. पाणीही मीच देणार."

अठ्ठ्याण्णवच्या होळीनंतर त्यांच्या मुलानं, बँकेतल्या सुधीरदादांनी, प्रेमानं नवीन मशीन आणलं. बसवायला सिन्हाजी. मी मागे वायर धरून. जुनं मशीन सिन्हाजींनी उचललं, "कबाड़ है दादा, हम ठिकाने लगा देंगे."

सरांनी विटा सुरू केल्या. चेंडू दिसलाच नाही. नुसती एक रेघ चमकली आणि खेळ संपला. पुन्हा सुरू केला. पुन्हा संपला. सरांनी मशीनच्या पुढच्या बाजूला हात फिरवला.

"टर्बोचं बटण कुठंय?"

"सर, अब बटन की ज़रूरत ही नहीं. नया मशीन है, फास्ट तो होगा ही. आप प्रैक्टिस कीजिए!"

प्रॅक्टिस! ज्याचं बोट दोन महिन्यांत अर्धा इंच हललं त्याला हा माणूस प्रॅक्टिस करायला सांगतो! माझ्या हातातली वायर मी इतकी आवळली की तिची पिन वाकली. मग ती सरळ करत बसलो. असा मी.

*

दुसऱ्या दिवशी "मशीनचं कव्हर घालायला आलोय" असं सांगून मी सरांकडे गेलो. एका विद्यार्थ्यानं मला एक लहानसा प्रोग्राम दिला होता. त्याचं काम एकच: मशीनला उगाच आकडे मोजत बसवायचं, म्हणजे गेमच्या वाट्याला वेळ कमी येतो. किती मोजायला लावायचं ते आपण ठरवायचं. फ्लॉपीवर जुनं डॉस, तो प्रोग्राम आणि विटा, सगळं एकत्र घातलं. मी आकडा वाढवत गेलो आणि सर सांगत गेले, "अजून हळू. अजून. आता फार. हां... हां, हाच!"

तीन तास लागले. मी लेबल लिहिलं: वर श्री, खाली 'दातार सर, विटा'.

सर बघत होते. म्हणाले, "मुकुंद, नववीत तुला मीच नापास केलं ना?"

"हो सर."

"बरोबरच केलं होतं. भूमिती तुला येत नव्हती." मग पट्टी सरकवत म्हणाले, "हे येतं."

श्रावणात सरांची तीन बोटं मिटायला लागली. सुधीरदादा सगळ्यांना सांगत सुटले, "नव्या मशीनचा काय गुण आला बघा!"

*

आता मी सवयीला परत येतो.

गणपतीच्या आधी सरांची फ्लॉपी वाचताना खरखर करायला लागली. फ्लॉपीचं आयुष्यच तेवढं. नवी कॉपी काढून देतो म्हणून मी ती दुकानात आणली आणि माझ्या डब्यात ठेवली. डब्यात अशा चाळीस फ्लॉपी. प्रत्येक रुसलेल्या गेमची एक, तीन वर्षांची माझी सगळी अक्कल. नानांकडे दीड दिवसाचा गणपती असतो, म्हणून दुकान दोन दिवस बंद होतं.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर जिथं डबा होता तिथं चौकोनी स्वच्छ जागा.

"नाना, माझ्या फ्लॉपी?"

नाना प्रसन्न होते. "अरे, आता त्याहून नवी विंडोज टाकायची ना. सिन्हाजी म्हणाले, हे सगळं कचरा आहे, फेका. मी बघितलं तर प्रत्येकीवर श्री! श्री लिहिलेलं कचऱ्यात कसं टाकणार? जीर्ण पोथ्यांचं आपण काय करतो?"

मला कळलं. तरी मी विचारलं, "काय केलंत?"

"गणपतीबरोबर नेल्या. होडी करून. थेट मध्यधारेत सोडल्या. प्रत्येकीला हळद-कुंकू वाहिलं हो!"

भाद्रपदातली गंगा. पायऱ्या चढून वर आलेली, मातकट, भोवऱ्यांची. पितृपक्षाला राहिले होते दहा दिवस.

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडलो. क्लासची पोरं उठून उभी राहिली. "नाना! त्या पोथ्या नव्हत्या! दातार सरांचा हात होता त्यात! कोणाला विचारलंत? माझं नाव नव्हतं म्हणून काय झालं, त्या माझ्या होत्या!"

नाना घाबरले नाहीत, रागावलेही नाहीत. खऱ्या कुतूहलानं त्यांनी विचारलं, "मग श्री कशाला लिहिलंस?"



*

प्रोग्राम देणारा विद्यार्थी अलाहाबादला निघून गेला होता, पत्ता नाही. नवीन मशीन हळू करायला दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. उरलं जुनं मशीन, पण ते सिन्हाजींनी 'ठिकाने' लावलेलं. निदान कोणत्या कबाडीला दिलं ते विचारावं म्हणून रविवारी सकाळी मी सिगऱ्याला त्यांच्या घरी गेलो.

त्यांच्या आईनं दार उघडलं. "अंदर है, खेल रहा है."

सिन्हाजी बनियनवर बसले होते. समोर सरांचं जुनं मशीन. टर्बोचं बटण बाहेर. पडद्यावर विटा!

मला बघून त्यांचा चेंडू सुटला.

"अरे यार," सिन्हाजी ओशाळून म्हणाले, "नए पे मज़ा नहीं आता. बहुत फास्ट है."

मी काय बोललो ते मला सगळं आठवत नाही. त्यात हिंदी कमी आणि मराठी जास्त होती, आणि मराठीतलीही ती, जी आमच्या घरी बोलत नाहीत. सिन्हाजींना मराठी येत नाही, पण सगळं समजलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "किसके कहने पर ले जा रहे हो?"

"माझ्या!" मी म्हणालो.

त्यांनी स्वतः वायरी काढून दिल्या. मी मॉनिटर डोक्यावर घेतला, मशीन रिक्षात. गलीच्या तोंडाशी सांड बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. तोही उठला!

*

आता शेवटचा. हा मी कोणाला फारसा सांगत नाही.

सर दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ विटा फोडत बसले. अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्यांच्या तिथीला, आम्ही त्यांना अहिल्याबाई घाटावर नेलं. पाणी अजून चढलेलंच होतं, वरच्या पायरीवर सरांना बसवलं. एका बाजूनं सुधीरदादा, मागून मी. सांगायला नाना. त्या ओरडण्यानंतर नाना माझ्याशी फक्त 'पूस' आणि 'झाक' एवढंच बोलत होते.

नाना सरांना म्हणाले, "डाव्या हाताचा आधार घ्या हवा तर. चालतं."

"नाही चालत," सर म्हणाले.

त्यांनी उजवा तळवा पुढे केला. सुधीरदादांनी पाणी घातलं, तीळ घातले. बोटं थरथरत एकेक करून मिटली. करंगळी सगळ्यांत शेवटी. थोडं पाणी गळलं. बाकीचं राहिलं. नानांनी काकूंचं नाव घेतलं, आणि सरांनी मनगट वळवून अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. तीनदा. मग आईला, मग वडिलांना. सुधीरदादा तोंड फिरवून नदीकडे बघत होते.

शेवटी नाना म्हणाले, "आता ज्यांचं मागे कोणी नाही, त्यांच्यासाठी एक."

सरांनी तळवा पुढे केला, पाणी घेतलं आणि थांबले. मान वळवून मला विचारलं, "मुकुंद, किती होत्या रे तुझ्या?"

"चाळीस, सर."

"नाना," सर म्हणाले, "ज्या तुम्ही मध्यधारेत सोडल्यात, त्या चाळीस जणींसाठी."

मला वाटलं, नाना आता उठून जाणार. नानांनी माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे बघितलं. मग मांडी नीट केली आणि नेहमीच्या, कामाच्या आवाजात मला विचारलं,

"गोत्र?"

मी सरांकडे बघितलं.

"हरकत नाही," नाना म्हणाले, "ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं," आणि डोळे मिटून त्यांनी मंत्र सुरू केला.